टेपाडावरची हरकत

“पहिली हरकत. धोंडिबा सखाराम धनावडे,” ग्रामसेवकानं वाचलं, तशी मी शेजारी बसलेल्या सुनेला कोपरानं ढोसलं.

“चुकीचं वाचतोय गं मेला. भावजींचं नाव आपल्या बाजूच्या कागदावर असंल.”

सुरेखानं पदराचं टोक दातात धरलं होतं.

“हरकतदाराचं म्हणणं असं,” ग्रामसेवक चष्मा सावरून पुढं वाचू लागला, “की सदर तंबूंमुळं गुरंढोरं बुजतील, मोठ्यानं गाणी लागतील, दारूच्या बाटल्या शेतात पडतील, संडासाच्या शोषखड्ड्याचा वास येईल, आणि त्याचं पाणी खालच्या विहिरीत उतरेल. सबब टेपाडावर परवानगी देण्यात येऊ नये. खाली डाव्या हाताचा अंगठा.”

मी मान वळवली. मारुतीच्या देवळात ग्रामसभा भरली होती, आणि पलीकडच्या खांबाला टेकून धोंडिबा बसला होता. माझा सख्खा धाकटा दीर. मांडीवर चंची उघडून पान लावत होता आणि त्या पानाकडं अशा नजरेनं बघत होता, की जणू जन्मात पान पाहिलं नव्हतं.

भरल्या पंगतीत बसावं आणि खालचा पाट कुणी ओढून घ्यावा, तसं झालं मला. कोण कुठला परका असता तर मी जागेवर उभी राहून त्याचे पूर्वज काढले असते. पण हा धोंडिबा! मी ह्या घरात लग्न होऊन आले तेव्हा ह्याचं नाक मी पुसलंय. ह्याच्या डोक्यातल्या उवा काढल्यात. सासूनं भाकरी मोजून दिली की माझ्यातली अर्धी ह्याच्या हातावर ठेवलीय. त्याच हाताचा अंगठा आज माझ्या घराविरुद्ध उठला होता.

“वाचा की म्होरं,” मी ग्रामसेवकाला म्हणाले. “एकानंच केलीया का अजून कुणाच्या पोटात दुखतंय?”

आमच्या हेळवाडीत पुरुषमाणूस राहत नाही. जत्रेला आणि शिमग्याला येतो, आठवडा राहतो, मुंबईला परत जातो. तिथं बाजारात पाठीवर पोती वाहायची, एका खोलीत वीस जणांनी वळकट्या टाकायच्या, आणि इथं बायकांनी नाचणी लावायची, म्हशी सांभाळायच्या, सासूचं ऐकायचं. माझा नवरा तसाच मुंबईला गेला. पहिल्या बाळंतपणात माझी अवस्था वाईट झाली म्हणून त्याला तार केली होती, तो आला तेव्हा सगळं उरकून गेलं होतं. पोर मेलेलीच जन्माला आली आणि मी वाचले, एवढं त्याला सांगण्यात आलं, आणि शुद्धीवर आल्यावर मलाही तेवढंच सांगण्यात आलं. पुढं उत्तम झाला, तेव्हाही तो नव्हता. उत्तमला मिसरूड फुटलं आणि तोही त्याच बाजारात गेला.

सभा झाली त्याच वर्षी उत्तमच्या पाठीचा मणका गेला. डॉक्टरनं सांगितलं, आता ओझं उचलायचं नाव काढू नका. म्हणजे मुंबईत कुठल्या तरी इमारतीखाली खुर्ची टाकून रखवालदारी, नाहीतर घरी येऊन बसणं. तो आला, आणि येताना डोक्यात हे तंबू घेऊन आला.

“ग्लॅम्पिंग म्हणतात आई त्याला,” तो मला म्हणाला. “तंबू असतो, पण आत पलंग, गादी, पंखा, बाजूला संडास-बाथरूम. पुण्याची माणसं पाण्याकाठी राहायला येतात. सकाळी पिठलं-भाकरी, संध्याकाळी शेकोटी.”

“पलंग नि पंखा घरात न्हाई का त्यांच्या?”

“असतो की. पण धरणाचं पाणी नसतं ना.”

तो शब्द काही माझ्या जिभेवर बसला नाही, मी तंबूच म्हणत राहिले. पण गोष्ट मनात बसली. आमची निम्मी जमीन धरणात गेली. राहिलं त्यात पाण्यावर आलेलं ते टेपाड. तिथून पाहिलं की पाणी पार समोरच्या डोंगराच्या पायापर्यंत पसरलेलं दिसतं. पुण्याचा एक माणूस गिऱ्हाईक पाठवायला तयार झाला होता. फक्त ग्रामसभेचा ना हरकत दाखला पाहिजे होता. तो मिळाला तर उत्तम घरी राहणार होता. सुरेखाच्या चुलीपुढं बसून जेवणार होता. त्याच्या दोन्ही पोरींना बाप रोज दिसणार होता. माझं आयुष्य बिनपुरुषाच्या घरात गेलं. सुनेचं मला तसं जाऊ द्यायचं नव्हतं. ह्यापेक्षा जास्त मला त्या तंबूंतलं काही कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची गरजही नव्हती.

“दुसरी हरकत, मारुती गुरव,” ग्रामसेवक म्हणाला. “जोगेश्वरीच्या देवळासमोर टेपाड येतं. अर्ध्या चड्डीतल्या बाया देवीच्या नजरेसमोर फिरतील, देवीचा कोप होईल.”

मारुती गुरव धोंडिबाच्या वयाचा, त्याचा लंगोटीयार. मी उभी राहिले. “मारुती, तुझा ल्योक रोज दुपारी देवीच्या कट्ट्यावर पत्ते कुटत बसतो. ते बघून देवी आंधळी झाली न्हाई, ती पुण्याच्या पोरींच्या तंगड्या बघून हुईल?”

देवळात हशा पिकला. सरपंचबाईंनी तोंडावर पदर धरला. गुरव हसला नाही. “गजरावैनी,” तो हळूच म्हणाला, “चेष्टा न्हाई. टेपाड सोडा. बाकी कुठंबी करा, म्या सोता देवीला नारळ फोडतो.”

“बाकी कुठं करू? तुझ्या डोक्यावर?”

मग धोंडिबाची बायको उभी राहिली. यसू. माझी जाऊ, पण मला थोरल्या बहिणीसारखी मानणारी. तिच्या तोंडातून कधी मोठा शब्द आला नव्हता. सभेत तर ती पहिल्यांदाच उठली होती.

“अक्का, वड्याकडं करा की तंबू. तिकडं सावली हाय.”

“तिकडं डास हायत.”

“तरीबी. टेपाड तेवढं नको.”

“लोक पाणी बघाया येणार हायत, यसू. वड्यातनं काय दिसतंय? तुझ्या म्हशीचं शेपूट?”

ती खाली बसली. तिचे डोळे भरले होते, आणि मला वाटलं, नाटकं. नवऱ्याच्या शिकवणीनं रडतेय. सांगते ते खरं, त्या घटकेला मला तिची दया आली नाही, उलट जास्तच आग झाली.

“भावजी,” मी सरळ धोंडिबाकडं वळले. “बायकूला उठवता, गुरवाला उठवता, तुमाला काय वाचा न्हाई? बोला की काय ते तोंडानं. अंगठा बोलतोय, तोंड का गप?”

धोंडिबानं चंची बंद केली. “तितं खडक हाय, वैनी,” तो म्हणाला. “खड्डा निघायचा न्हाई.”

हे त्याचं जुनं होतं. टेपाडाच्या मागच्या उताराला, करवंदीच्या जाळीला लागून, एक तुकडा तो कधी नांगरत नसे. नांगर त्याच्या हातात, माझा नवरा मुंबईत, त्यामुळं आमची शेती तोच ओढायचा. तिथं आला की बैल वळवायचा. मी विचारलं की म्हणायचा, खडक हाय, फाळ मोडंल. मी नेहमी त्याला आळशी म्हणून हिणवायची. पण बैल त्याचे, कष्ट त्याचे, मी तरी किती बोलणार? तो तुकडा तसाच पडीक राहिला, आणि म्हणूनच उत्तमनं शोषखड्डा तिथं धरला होता. कामाची जमीन वाया जायला नको म्हणून.

“खडक असंल तर जेसीबीचं दात तुटतील,” मी म्हणाले. “तुमचं कशाला तुटायला लागलं?”

परत हशा. मग हात वर झाले, आमच्या बाजूनं जास्त. बायकांनी तर दोन्ही हात वर केले, ज्यांचे नवरे मुंबईत होते त्यांनी. सरपंचबाईंनी ठराव लिहायला सांगितला. मी जिंकले होते. पण घरी येताना मी वाटेत दोनदा थांबले. सुरेखा म्हणाली, “आत्याबाई, दमलात का?” मी म्हणाले, “दमायला काय झालंय? भावकीनं पाठीत सुरा मारल्यावर माणूस दमतं व्हय?”

पुढचे दिवस कसे गेले ते काय सांगू. भिंतीला भिंत लागून घरं, अंगण एक, आणि बोलणं बंद. सकाळी यसूकडून विरजण यायचं ते बंद झालं. मी साताऱ्याच्या बाजारात गेले तरी, आणि गिरणीवर गेले तरी, एकच सांगत सुटले: माझ्या लेकाचं घरी राहणं माझ्या दिराला बघवत नाही. त्याचा स्वतःचा मुलगा मुंबईतून येत नाही ना, म्हणून जळतोय. जमिनीची वाटणी अजून कागदावर झाली नाही, टेपाडावर डोळा असणार. लोक ऐकायचे आणि जमिनीकडं बघायचे. मला वाटायचं, माझं पटतंय म्हणून.

एक गिरणीवाली तेवढी म्हणाली, “गजरामावशी, धोंडिबातात्या असा माणूस न्हाई वो.” मी तिला म्हणाले, “तू दळणात लक्ष घाल.”

जेसीबी आला तो दिवस मंगळवार होता. देवीचा वार, म्हणून मीच तो धरला होता. यंत्रापुढं नारळ फोडला, उत्तम आणि ड्रायव्हर वर गेले, आणि मी चुलीवर सगळ्यांसाठी चहा टाकला. चहा उकळतोय तोच सुरेखा धापा टाकत परत आली.

“आत्याबाई, चला. तात्या खड्ड्याच्या जागेवर येऊन बसल्यात. उठंनात.”

“उठंनात म्हंजी?”

“मांडी घालून बसल्यात. यंत्राच्या म्होरं. ह्यांनी पाया पडून सांगितलं तरी उठंनात. बोलंनात बी.”

मी पातेलं खाली उतरवलं आणि तशीच निघाले. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, सावरला नाही. चढ चढताना सगळं तोंडात जमवत गेले. आज मी त्याला असं बोलणार होते की त्याच्या सात पिढ्यांनी ऐकावं. त्या सात पिढ्या माझ्या लेकाच्याही होत्या, हे त्या वेळी कुणाला सुचतंय?

वर जाऊन पाहते तर सुरेखानं सांगितलं तसंच. करवंदीच्या जाळीजवळ, ज्या तुकड्यावर चुन्यानं चौकोन आखला होता त्याच्या मधोमध धोंडिबा बसलेला. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. समोर जेसीबीचा तो लोखंडी हात हवेत तसाच उचललेला, इंजिन घरघरत होतं. एका बाजूला यसू उभी, दुसऱ्या बाजूला गुरव. उत्तमचं तोंड उतरलं होतं. ड्रायव्हर मात्र पहारीवर रेलून तंबाखू मळत होता. त्याचं भाडं चालू होतं, त्याला काय.

“भावजी, उठा,” मी म्हणाले.

धोंडिबानं मान हलवली.

“गावानं हात वर करून परवानगी दिलीया. तुमचा अंगठा हारला. उठा.”

“न्हाई उठायचा, वैनी. माझ्यावरनं घाला गाडी.”

“का? खडक फुटंल म्हणून?”

ड्रायव्हर मध्येच हसला. “मावशी, खडक कुठला? म्या पहार घालून बघितली. लोण्यात गेल्यागत गेली. सगळी माती हाय खाली, नंबर एकची.”

मी त्याच्याकडं बघितलं. मग पहारीकडं बघितलं. तिच्या टोकाला ओली काळी माती लागली होती.

सांगते, त्या सभेत बसला नव्हता एवढा धक्का मला त्या मातीनं दिला. हरकत घेणं एक. माणूस हावरट असतं, मत्सरी असतं, ते मी जन्मभर पाहत आले होते. पण खडक नव्हता. कधीच नव्हता. बैल वळवत होता, माझ्या तोंडावर सांगत होता, फाळ मोडंल, फाळ मोडंल, आणि मी ऐकून घेत होते. तरणी होते तेव्हापासून हा माणूस मला एकच खोटं सांगत होता, एवढी वर्षं, न चुकता. कशासाठी?

“धोंड्या!” माझ्या तोंडातून निघालं. त्याला असं मी कधी हाक मारली नव्हती. “खोटं बोललास? माझ्याशी? तुझ्या ताटात माझी भाकरी टाकत व्हते, आन् तू माझ्याशी खोटं?”

“वैनी…”

“सांग, काय पुरून ठेवलंयस हितं? सासूबाईंच्या पाटल्या सापडल्या न्हाईत त्या मेल्यावर. त्याच का? थोरल्या भावाच्या हिश्श्यातलं काढून हितं पुरलंस, आन् त्यावर बसून राहिलास एवढी वर्षं? बोल, काय पुरलंयस?”

“अक्का!” यसू किंचाळली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “अक्का, गप बसा. तुमच्या पाया पडते, गप बसा!”

“का गप बसू? आज उकरूनच बघते. ए ड्रायव्हर, चालव तुझं यंत्र. बाजूला व्हत न्हाई तर त्याला उचलून टाका.”

उत्तम पुढं आला, चुलत्याच्या दंडाला धरायला. धोंडिबानं त्याचा हात हळूच बाजूला केला आणि माझ्याकडं बघितलं. सभेत बघितलं नव्हतं, त्या सगळ्या दिवसांत एकदाही बघितलं नव्हतं, ते आत्ता बघितलं. त्याचं तोंड बारा-तेरा वर्षांच्या पोरासारखं झालं होतं.

“वैनी,” तो म्हणाला, “तुमची लेक हाय हितं.”

इंजिन घरघरत होतं. मला ऐकू आलं होतं, पण समजत नव्हतं. मी म्हणाले, “मला कुठं लेक हाय?”

“पैली.”

कुणीतरी यंत्र बंद केलं. उत्तमनंच असणार. एकदम सगळं गप झालं, आणि खालच्या पाण्याचा काठावर लागण्याचा बारीक आवाज यायला लागला.

आमच्यात दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. पुरायला बाई जात नाही, घरातला पुरुष जातो, आणि जागा आईला सांगत नाहीत. सांगितली तर ती तिथं जाऊन बसते, छातीतलं दूध आटत नाही, आणि पुढं कूस धरत नाही, असं म्हणतात. मला हे ठाऊक होतं. दुसऱ्या बायांच्या वेळी मी स्वतः तोंडावर बोट ठेवलंय. माझ्या वेळी मी विचारलंच नाही. सासूनं सांगितलं, पोर गेली, तू वाचलीस, ऊठ आणि खा. मी उठले आणि खाल्लं. मनात धरलं होतं की नदीच्या अंगाला कुठंतरी नेली असेल. ती नदी धरणात गेली, तेव्हा म्हटलं, गेलं तेही.

“कुणी पुरली?” मी विचारलं.

“म्या.”

“तू?” माझा आवाज मलाच ओळखू येईना. “तू पोर व्हतास.”

“घरात दुसरं पुरुषमाणूस कुठं व्हतं, वैनी? दादा मुंबईला. आईनं दारातनं गाठोडं दिलं आन् म्हणाली, जा. म्या ह्या मारुतीला हाक मारली. कुदळ त्याच्या बानं दिली.”

गुरव करवंदीकडं तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

“गाठोडं कशाचं?”

“आईनं फडक्यात गुंडाळलं व्हतं. थंडी व्हती. म्या माझं मुंडासं सोडून वरनं गुंडाळलं.” तो थांबला. “अजून ऊब व्हती तिला.”

यसूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी उभीच होते. आणि खाली बघायचा धीर होत नव्हता, कारण माझे पाय त्या चौकोनाच्या आत होते.

मी दोन पावलं मागं सरले.

“आन् मला सांगायला तोंड नव्हतं?”

“आईनं देवीची शपथ घातली व्हती. थोरलीला कळता कामा नये. ती गेली तरी शपथ ऱ्हायली.”

“मग सभेत गुरं बुजतील म्हणालास. वास म्हणालास. बाटल्या म्हणालास.”

“काय म्हणणार व्हतो, वैनी? ग्रामसेवकानं इचारलं, हरकत कशाची? म्या म्हणालो, तुमीच लिवा काय लिवायचं ते. त्यानं दुसऱ्या गावच्या अर्जातलं उतरून काढलं.”

हसू आलं असतं मला, दुसरा दिवस असता तर.

“कुणाकुणाला ठाऊक हाय?”

यसू जमिनीकडं बघायला लागली. मला गिरणीवाली आठवली. बाजारात माझं ऐकून जमिनीकडं बघणारी तोंडं आठवली. देवळात न हसलेली म्हातारी माणसं आठवली.

“म्हंजी सगळ्यास्नी,” मी म्हणाले. “सगळ्या गावाला ठाऊक. आईला तेवढं न्हाई.”

“वैनी, दादालाबी…” धोंडिबा अडखळला. “दादा आला तवा त्याला आणून दाखवली व्हती म्या. दर खेपंला यायचा त्यो.”

हे माझ्या कानशिलात बसलं. माझा नवरा मुंबईहून आला की पहिल्याच सकाळी बिडी घेऊन टेपाडावर जायचा. मी मागून ओरडायची, घरात बायको-पोर आहे आणि हा पाणी बघत बसतो. तो परत आला की काही बोलायचा नाही, उत्तमला उचलून घ्यायचा. एवढी वर्षं संसार केला त्या माणसाबरोबर. मरताना माझा हात धरून पडला होता, तेव्हाही बोलला नाही. मला भांडायचं होतं त्याच्याशी, त्या क्षणी, तिथल्या तिथं. आणि भांडायला तो नव्हता.

ड्रायव्हरनं पहार गुपचूप उचलली आणि तिला लागलेली माती हातानं पुसून परत त्या भोकात टाकली. पायानं नाही, हातानं दाबली. त्या परक्या माणसानं डोक्याची टोपीसुद्धा काढली होती.

“गाडी परत न्या,” उत्तम त्याला म्हणाला. “झालं ते पुरे. नको तंबू नि नको काय. तात्या, उठा तुम्ही. मी मुंबईला जातो, रखवालदारीचं बघतो. एक जण कधीचा बोलावतोय.”

सुरेखानं मान खाली घातली. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागली होती, आणि मला माझाच पाय दिसला, ह्याच घराच्या दारात उभी राहून एस्टीकडं बघणारा.

“मुंबईचं नाव काढशील तर दुसराबी मणका मोडून ठेवीन,” मी म्हणाले.

“आई…”

“आई काय? तुझ्या बानं मुंबई केली म्हणून माझी पोर ह्या पोराच्या हातनं मातीत गेली. बा हितं असता तर त्यानं नेली असती. आता तूबी जा, आन् सुरेखानं कुणाच्या हातात काय द्यायचं? तंबू हुतील. वड्याच्या वरच्या अंगानं पार त्या आंब्यापातुर हुतील. ह्या जाळीच्या अलीकडं काय येणार न्हाई, चूलबी न्हाई, खुर्चीबी न्हाई.”

“मग खड्डा कुठं काढायचा? उतार सगळा इकडंच…”

“माझ्या वावरात काढा,” धोंडिबा म्हणाला. तो उठला होता. टोपी हातात तशीच. “बांधाच्या खालच्या अंगाला. इहीर लांब हाय तितनं.”

“आन् वास?” मी म्हणाले. “हरकतीत व्हता की वास. तुझ्याच दारात येईल त्यो.”

“येऊ दे.”

“बाटल्या पडतील.”

“येचीन, वैनी.”

मी त्याच्याकडं बघत राहिले. शिव्या जमवून आणल्या होत्या त्या सगळ्या तोंडात तशाच होत्या, आणि एकही बाहेर येईना. एवढंच म्हणाले, “मुंडासं न्हाई म्हणून त्या दिवशी सासूबाईंनी तुला मारलं व्हतं. मला आतनं ऐकू आलं व्हतं. म्या म्हटलं, पोरानं हरवलं असंल कुठं.”

यसू त्याला धरून उताराकडं घेऊन गेली. ड्रायव्हरनं यंत्र सुरू केलं ते मागं मागं घेत, हात वर उचलूनच, जाळीपासून लांबून वळवलं. उत्तम त्याच्या पुढं चालत बांधाकडं वाट दाखवत गेला. गुरवानं जाताना माझ्याकडं बघून हात जोडले. कशासाठी ते त्याचं त्यालाही ठाऊक नसणार. चुन्याचा चौकोन तेवढा राहिला. सुरेखानं पदरानं तो पुसायला घेतला, तर मी म्हणाले, राहू दे, मी पुसते.

मी खाली बसले. माती उन्हानं तापली होती. इथं मी बकऱ्या चारल्या होत्या, करवंदं तोडली होती, उत्तमला पाठीशी बांधून नाचणी खुडली होती. किती वेळा इथून गेले त्याला मोजदाद नाही. मी चुना हातानं पुसायला लागले. पुसला जात नव्हता, मातीत मिसळून पांढरा पांढरा पसरत होता.

बऱ्याच वेळानं पावलं वाजली. यसू परत आली होती. तिनं माझ्या काखेत हात घातला.

“चला, अक्का. ऊन लई झालंय. घरला चला.”

“तू हो म्होरं,” मी म्हणाले. “मी आत्ताच आलीया.”